वऱ्हाडातील निवासी मदरसा आणि त्याचा विद्यार्थी : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

मदरसा म्हणजे जुने आणि शाळा म्हणजे नवे, अशी सरळ विभागणी शिक्षणविषयक चर्चेत बहुधा गृहीत धरली जाते. या गृहीतकावर मग पुढील सर्व इमारत उभी राहते. मदरशातील विद्यार्थी परंपरेत बसलेला, शाळेतील विद्यार्थी आधुनिकतेत वावरणारा, आणि पहिल्याला दुसऱ्याकडे कसे आणावे एवढाच प्रश्न शिल्लक, असे मानले जाते. इतिहासाचा पुरावा मात्र या विभागणीस अनुकूल नाही. वऱ्हाडात सरकारी शिक्षणखात्याची स्थापना १८६६ साली झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उत्तर हिंदुस्थानातील देवबंद येथे, छत्ता मशिदीच्या आवारात, दारुल उलूमचा आरंभ झाला. पुढे वऱ्हाडासह देशभर पसरलेल्या निवासी मदरशांचा नमुना याच संस्थेने घालून दिला. म्हणजे वऱ्हाडातील सरकारी शाळा आणि निवासी मदरसा ही एकाच काळाची अपत्ये होत. दोहोंत हजेरीपट आहे, ठरावीक अभ्यासक्रम आहे, इयत्ता आहेत, वार्षिक परीक्षा आहे आणि शेवटी प्रमाणपत्र आहे.

तेव्हा मदरशातील तरुण विद्यार्थी परंपरा आणि नवी संस्कृती यांचा मेळ कसा घालतो, या प्रश्नाचा विचार करताना तो ज्या संस्थेत राहतो ती संस्था स्वतःच अशा मेळातून जन्मली आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. बुलढाणा जिल्ह्याचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून या संस्थेची वाटचाल आणि तिच्यातील विद्यार्थ्याचे जीवन यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

येथे दोन शब्दांतील भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होय. मशिदीला जोडलेला, शाळेच्या आधी किंवा नंतर तास-दोन तास कुराणाचे वाचन व नमाजाचे पाठ शिकविणारा वर्ग म्हणजे ‘मकतब’. तेथे जाणारे मूल बहुधा शाळेतही जाते. ‘मदरसा’ म्हणजे विद्यार्थ्याचे राहणे, जेवणे व शिकणे एकत्र असलेली पूर्णवेळ संस्था. सार्वजनिक चर्चेत या दोहोंची गल्लत होते आणि मदरशांत शिकणाऱ्यांचा आकडा फुगतो. न्या. राजेंद्र सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने हा भेद मुद्दाम नोंदविला आणि शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी मुले केवळ तीन ते चार टक्के आहेत, असे दाखवून दिले. संख्या लहान असली तरी या मुलांचा प्रश्न लहान नाही.

२. प्रदेशाची पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्हा हा वऱ्हाडचा पश्चिम दरवाजा. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांतून चढत गेलेला घाटावरील प्रदेश, अशी त्याची ठेवण आहे. खानदेशातून वऱ्हाडात शिरणाऱ्या फौजांचा मार्ग येथूनच जात असे. आजच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे १४३७ साली बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला, आणि १५९० साली त्याच ठिकाणी निजामशाहीतील महदवी पंथाचा सरदार जमालखान लढाईत पडला. रोहिणखेडची मशीद त्याच पंथाच्या खुदावंदखानाने १५८२ च्या सुमारास बांधली. साखरखेर्ड्याच्या रणावर १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि त्या गावास फतहखेर्डा असे नाव दिले. मेहकर येथील मोमीन विणकर पंधराव्या शतकाच्या अखेरीस इतके संपन्न होते की, गावाच्या तटबंदीस त्यांनी हातभार लावला. मोमिनांच्या वेशीवरील लेख त्याची साक्ष देतो.

या घटनांची उजळणी एवढ्याचसाठी की, जिल्ह्यातील मुस्लिम समाज हा कोठल्या एका लाटेतून आलेला एकजिनसी समाज नव्हे. त्यात विणकर आहेत, शिपाईगिरीतून स्थिरावलेली घराणी आहेत, शेतकरी, बागवान, खाटीक, पिंजारी आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती व तीत मुस्लिमांचे प्रमाण तेरा-चौदा टक्के होते. घरात उर्दू किंवा दख्खनी वळणाची बोली आणि बाजारात व शेतात वऱ्हाडी, ही या समाजाची दुहेरी भाषास्थिती फार जुनी आहे.

निवासी मदरशापूर्वी येथे विद्या कशी दिली जात असे? एखाद्या मौलवीच्या घरी, मशिदीच्या ओसरीवर किंवा दर्ग्याच्या आवारात, गुरू आणि चार-सहा शिष्य अशी ती व्यवस्था होती. कोणता ग्रंथ केव्हा पुरा करावयाचा हे गुरू ठरवीत असे आणि ग्रंथ पुरा झाला की त्या ग्रंथापुरती ‘इजाजत’ मिळत असे. विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय गावातील घरांवर असे. वार लावून जेवणाऱ्या किंवा माधुकरी मागणाऱ्या ब्राह्मण विद्यार्थ्याची आठवण व्हावी असेच हे चित्र आहे. देवबंदच्या आरंभीच्या काळातही गावातील कुटुंबांनी विद्यार्थी जेवावयास वाटून घेतले होते. दोन्ही परंपरांत विद्या ही गावाच्या अन्नावर पोसली जात होती.

या विद्येला व्यवहारात किंमत होती, हेही विसरता कामा नये. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालात मुल्ला निजामुद्दीन यांनी रूढ केलेल्या ‘दर्से निजामी’ या पाठ्यक्रमात व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा समावेश होता. त्यातून काजी, मुन्शी व दरबारी अधिकारी तयार होत. म्हणजे ज्यास आज निव्वळ धार्मिक शिक्षण म्हटले जाते, ते आपल्या काळी चाकरीचेही शिक्षण होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि फारसीचे दरबारी महत्त्व ओसरत चालले. विद्येची चाकरीपासून फारकत झाली. ही फारकत मौलवींनी मागितली नव्हती. ती त्यांच्यावर येऊन पडली.

३. शाळा, आगगाडी आणि वसतिगृह

सरकारी शिक्षणखात्याने वऱ्हाडात मराठी शाळांबरोबर ‘हिंदुस्थानी’, म्हणजे उर्दू, शाळाही काढल्या. आजच्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांचे मूळ या शाळांत आहे. त्यांमुळे मुस्लिम बालकास आपल्या भाषेत लिहिता-वाचता येण्याची सोय झाली. परंतु धर्मशिक्षण सरकारी शाळेच्या कक्षेबाहेर राहिले. ते मकतबाने उचलले. सकाळी मकतब आणि नंतर शाळा, अशी बालकाच्या दिवसाची जी वाटणी त्या काळी पडली, ती जिल्ह्यातील अनेक गावांत आजही तशीच आहे.

ज्याला पुढे शिकून आलिम व्हावयाचे, त्याला मात्र गाव सोडावे लागे. येथे आगगाडीचे कार्य महत्त्वाचे ठरते. भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरून जात १८६७ साली नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला तो कापसासाठी. पण ज्या गाडीने खामगावची रुई मुंबईस गेली, त्याच गाडीने वऱ्हाडातील मुलगा पत्र्याची पेटी घेऊन उत्तरेतील मदरशाची वाट धरू शकला. देवबंदने सरकारी मदत व जहागिरीचे उत्पन्न दोन्ही टाळून सामान्य लोकांच्या लहान वर्गणीवर संस्था चालविण्याचे तत्त्व स्वीकारले होते. ही वर्गणी टपालाने येई आणि तिचा हिशेब छापील अहवालातून प्रसिद्ध होई. आगगाडी, टपाल आणि छापखाना यांवाचून निवासी मदरसा उभाच राहू शकला नसता. परंपरेच्या रक्षणासाठी काढलेली संस्था नव्या साधनांवर आधारलेली होती, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रातील त्या काळच्या अन्य घडामोडींशी याची तुलना उद्बोधक ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची मालिका सुरू केली. १९०६ साली त्यांनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून मुस्लिम विद्यार्थ्यांच्या राहण्याचीही सोय केली. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातील मुलास शिकवावयाचे तर त्याच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था प्रथम केली पाहिजे, हे सूत्र या सर्वांत समान होते. निवासी मदरसा हा या व्यापक वसतिगृह-चळवळीचा समकालीन होय. गरीब घरातील मुलगा तेथे जाण्याचे एक साधे कारण अन्न व निवारा हे होते, आणि आजही आहे.

४. नावाचा वाद आणि भाषेचा प्रश्न

असहकाराच्या काळात परंपरा व आधुनिकता यांच्या समन्वयाचे आणखी एक रूप पुढे आले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे जामिया मिलिया इस्लामियाची स्थापना झाली. देवबंदचे ज्येष्ठ आलिम मौलाना महमूद हसन यांनी तिच्या आरंभास आशीर्वाद दिला. हेच महमूद हसन १८६६ साली देवबंदचे पहिले विद्यार्थी होते. बुलढाणा जिल्ह्यातही खामगावची राष्ट्रीय शाळा याच वातावरणात उभी राहिली. पुढे १९३७ साली वर्धा येथे मूलोद्योग शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षस्थान जामियाच्या डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे होते. हाताने काम करीत शिकण्याचा विचार मुस्लिम शिक्षणपरंपरेतील एका विचारवंताने वऱ्हाडच्या वेशीवर बसून मांडला, ही घटना येथे नोंदण्याजोगी आहे.

परंतु त्याच वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाने पुढे केलेल्या ‘विद्यामंदिर’ योजनेस मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. आक्षेप शिकवण्यापेक्षा ‘मंदिर’ या शब्दावर अधिक होता. एका बाजूस तो शब्द संस्कृतप्रचुर मराठी-हिंदीत केवळ ‘स्थान’ अशा अर्थाने सहज वापरला गेला होता. दुसऱ्या बाजूस त्यात आपल्या मुलांच्या धर्मावर सावली पडल्याचा भास झाला. चांगली योजनाही नावामुळे एखाद्या समाजास परकी वाटू शकते, हा त्या प्रसंगाचा धडा होय. मदरशांविषयीच्या पुढील सर्व सरकारी योजनांस तो लागू पडतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे जिल्ह्याचा कारभार, नोकरी आणि उच्च शिक्षण यांचे केंद्र नागपुरावरून मुंबईकडे सरकले व मराठीचे व्यावहारिक महत्त्व वाढले. उर्दू शाळेत मराठी हा एक विषय म्हणून होता. मदरशात मात्र अध्यापक बहुधा उत्तरेत शिकलेले आणि ग्रंथ अरबी-उर्दूतील, त्यामुळे तेथे मराठीस जागा नव्हती. परिणाम असा की, वऱ्हाडी सहज बोलणारा मुलगा आठ-दहा वर्षांनी आलिम होऊन परतला, तरी त्याला तहसील कचेरीतला अर्ज लिहिता येत नसे. बोलीची मराठी त्याच्याजवळ होती, लेखणीची नव्हती. सर्व उणिवांत ही उणीव त्याच्या गावातील स्थानास अधिक बाधक ठरली. गावाने इमामाकडे केवळ नमाज पढविण्याचे काम दिले नव्हते. कागदपत्रांचा सल्लाही गाव त्याच्याकडेच मागत असे.

५. अक्कलकुवा : एक महत्त्वाचा टप्पा

वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा या तिन्ही प्रदेशांतील मदरसा-शिक्षणास वळण देणारी घटना १९७९ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी घडली. त्या वेळच्या धुळे व १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा या आदिवासीबहुल तालुक्याच्या गावी मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था सुरू केली. वस्तानवी यांचा जन्म १९५० सालचा, सुरत जिल्ह्यातील कोसाडीचा. तडकेश्वर व सहारनपूर येथे त्यांचे शिक्षण झाले होते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थ्यांनिशी निघालेल्या या मदरशाचा विस्तार पुढील तीन दशकांत देशातील अत्यंत मोठ्या मदरशांत गणना होण्याइतका झाला.

संस्थेचे वैशिष्ट्य आकारापेक्षा रचनेत आहे. कुराणाचे पाठांतर आणि आलिमाचा पाठ्यक्रम यांच्या शेजारीच, त्याच आवारात, शाळा, औद्योगिक प्रशिक्षण, तंत्रनिकेतन, औषधनिर्माणशास्त्र व युनानी वैद्यक यांचे वर्ग उभे राहिले. पुढे बुलढाण्यास लागून असलेल्या जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे, संस्थेने वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही काढले. यात परंपरेचा त्याग झाला असे म्हणता येत नाही. दर्से निजामीच्या मूळ हेतूत विद्या आणि उपजीविका यांची सांगड होती, ती तुटली होती, आणि नव्या व्यवसायांच्या द्वारे तिची पुन्हा जोडणी झाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. मालेगाव येथील जामिया मोहम्मदिया या संस्थेनेही मदरशाबरोबर युनानी वैद्यकाचे महाविद्यालय चालवून हाच मार्ग धरला. सीमेपलीकडील बीदर येथे १९८९ साली अठरा विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या शाहीन संस्थेने उलट बाजूने आरंभ केला. शाळा कधीच न पाहिलेल्या हाफिज मुलांना गणित, विज्ञान व भाषा यांचा पाया काही महिन्यांत करून देऊन त्यांना दहावी-बारावीच्या व नंतर वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेस बसविण्याचा उपक्रम तिने हाती घेतला.

या प्रयत्नांस अंतर्गत विरोध झालाच नाही, असे नाही. जानेवारी २०११ मध्ये वस्तानवी यांची दारुल उलूम देवबंदच्या कुलगुरुपदी निवड झाली. गुजरातमधील मुस्लिमांच्या स्थितीविषयी त्यांनी केलेल्या विधानावरून वाद उसळला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांना पद सोडावे लागले. वादाचे निमित्त राजकीय होते, तरी नव्या शिक्षणाचा आग्रह धरणारा पश्चिम हिंदुस्थानातील मौलाना आणि उत्तरेतील जुनी विद्यापीठीय घराणी यांच्यातील अंतरही त्यातून प्रकट झाले. ४ मे २०२५ रोजी वस्तानवी निवर्तले.

६. विद्यार्थ्याचा दिवस

संस्थांच्या इतिहासात विद्यार्थी बहुधा संख्या म्हणून येतो. वास्तविक परंपरा आणि नवी संस्कृती यांचा मेळ प्रत्यक्षात त्याच्याच दिनक्रमात घातला जातो. निवासी मदरशाचा दिवस पहाटेच्या नमाजापूर्वी सुरू होतो. हाफिज होऊ इच्छिणारा मुलगा प्रथम ‘सबक’, म्हणजे त्या दिवशीचा नवा पाठ म्हणून दाखवितो. मग अलीकडच्या दिवसांतील पाठांची आणि शेवटी ‘आमुख्ता’, म्हणजे पूर्वी मुखोद्गत झालेल्या भागाची उजळणी होते. सहा हजारांहून अधिक आयती अशा रीतीने तीन-चार वर्षांत कंठस्थ होतात. वेदपाठशाळेतील संथा आणि आवृत्ती यांच्याशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस या पद्धतीमागील स्मरणशास्त्र नवे वाटणार नाही. आलिमाच्या वर्गात ‘मुताला’ म्हणजे पाठापूर्वीचे स्वाध्ययन आणि ‘तकरार’ म्हणजे पाठानंतर विद्यार्थ्यांनीच एकमेकांस शिकविणे, या दोन प्रथा आहेत. तकरारीत हुशार विद्यार्थी गुरूच्या जागी बसतो व इतर त्यास शंका विचारतात.

दुपारनंतरच्या नमाजानंतर खेळ. कुर्ता-पायजमा घातलेली मुले व्हॉलीबॉल किंवा क्रिकेट खेळत असल्याचे दृश्य मदरशाच्या मैदानावर नेहमीचे आहे. आठवड्यातून एकदा, बहुधा गुरुवारी रात्री, विद्यार्थ्यांची ‘अंजुमन’ भरते. अध्यक्ष, चिटणीस व वक्ते सर्व विद्यार्थीच असतात. भिंतीवर हस्तलिखित नियतकालिक लावले जाते. शिक्षकांच्या थेट नियंत्रणापासून किंचित दूर असलेल्या या दोन जागांत नव्या जगाचा प्रवेश प्रथम होतो. वर्तमानपत्रातील विषय भाषणात येतात, इंग्रजीतून बोलण्याचा सराव होतो, आणि जेथे मराठी शिकविली जाते तेथे मराठीतूनही भाषणे होतात. महाराष्ट्रातील शालेय वक्तृत्वस्पर्धेत आणि या सभेत प्रकार म्हणून फारसे अंतर नाही.

भ्रमणध्वनी आला तेव्हा हा समतोल ढळला. बहुतेक मदरशांनी वसतिगृहात त्यावर बंदी घातली. ती बंदी नव्या यंत्राच्या द्वेषातून आली असे सरसकट म्हणता येत नाही. पाठांतरावर उभ्या असलेल्या शिक्षणास चित्ताच्या विक्षेपाचे भय असते, आणि तसेच निर्बंध अन्य निवासी शाळांतही आढळतात. पण सुटीत घरी आलेला तोच विद्यार्थी कुराणाच्या पठणाच्या ध्वनिफिती ऐकतो, उच्चार पडताळून पाहतो, हदीसचे ग्रंथ पडद्यावर शोधतो. ज्या ग्रंथासाठी एके काळी सहारनपूरची वाट धरावी लागे, तो आज मेहकरच्या घरात उपलब्ध आहे. गुरूच्या मुखातून आलेली विद्या आणि यंत्रातून आलेली विद्या यांतील प्रामाण्याचा प्रश्न यातून उद्भवतो. परंपरेचे उत्तर असे की, माहिती कोठूनही मिळो, ‘सनद’ गुरूकडूनच मिळते. तरुण विद्यार्थ्यांनी हे उत्तर टाकलेले नाही. त्यांनी यंत्रास गुरूच्या हाताखालील मदतनीसाची जागा दिली आहे.

७. दोन पंचांगे

विद्यार्थ्यापुढील अडचणींत जिचा विचार क्वचितच होतो, अशी एक अडचण पंचांगाची आहे. मदरशाचे वर्ष हिजरी कालगणनेप्रमाणे शव्वाल महिन्यात सुरू होऊन शाबानात संपते. रमजान हा सुटीचा महिना. हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, आणि महाराष्ट्रातील शाळेचे वर्ष जूनला बांधलेले. त्यामुळे ही दोन शैक्षणिक वर्षे सुमारे तेहतीस वर्षांच्या फेऱ्यात एकमेकांपासून दूर जातात व पुन्हा जवळ येतात. २०१९ साली रमजानची ईद जूनच्या पहिल्या आठवड्यात आली आणि मदरसा व शाळा जवळजवळ एकाच वेळी उघडल्या. २०२५ साली रमजानचा आरंभ २ मार्चला झाला, तर दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात होती.

याचा अर्थ विद्यार्थ्याच्या दृष्टीने काय होतो, ते पाहावे. हाफिज झालेल्या तरुणाकडून रमजानात रात्रीच्या ‘तरावीह’ नमाजात संपूर्ण कुराण म्हणण्याची अपेक्षा असते. रोज एक ते सव्वा पारा म्हणावा लागतो, म्हणून दिवसभर त्याची उजळणी करावी लागते. एकही शब्द चुकला तर मागे उभा असलेला दुसरा हाफिज तत्काळ दुरुस्त करतो. वर्षांच्या कष्टांची ही जाहीर कसोटी होय. आईबापांना त्यात धन्यता वाटते आणि मिळणाऱ्या नजराण्याने गरीब घरास हातभारही लागतो. बहिस्थ विद्यार्थी म्हणून दहावीस बसलेल्या हाफिजास २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी उपास, तरावीह आणि प्रश्नपत्रिका ही तिन्ही एकाच पंधरवड्यात सांभाळावी लागली. दोन विद्यांचा समन्वय हा व्याख्यानात सुंदर वाटणारा विषय अशा वेळी मुलाच्या झोपेतून वसूल होतो.

८. राज्यसंस्था आणि मदरसा

केंद्र सरकारने १९९३-९४ पासून मदरशांच्या आधुनिकीकरणासाठी साहाय्य सुरू केले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१३ मध्ये डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आली. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, हिंदी व इंग्रजी हे विषय शिकविणाऱ्या शिक्षकांचे मानधन आणि पायाभूत सोयी यांसाठी नोंदणीकृत मदरशांना ऐच्छिक अनुदान, असे तिचे स्वरूप आहे. डी.एड. शिक्षकास महिना ६,००० व बी.एड. शिक्षकास ८,००० रुपये एवढे आरंभीचे मानधन होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अनुक्रमे १६,००० व १८,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. अकरा वर्षे सहा हजारांत विज्ञानाचा शिक्षक मिळावा अशी अपेक्षा होती, ही गोष्ट योजनेच्या मर्यादित यशाचे बरेचसे स्पष्टीकरण देते.

शिक्षणहक्क कायद्यातून २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा वगळण्यात आल्या. महाराष्ट्रात उत्तर प्रदेशासारखे मदरसा मंडळ नाही. त्यामुळे मदरशाच्या सनदेस राज्याच्या शिक्षणव्यवस्थेत सममूल्य स्थान नाही. जुलै २०१५ मध्ये शालेय विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुले ‘शाळाबाह्य’ गणली जातील, अशी भूमिका शासनाने घेतली तेव्हा मोठा वाद झाला. शब्दाचा परिणाम पुन्हा एकदा दिसून आला. १९३८ साली ‘मंदिर’ शब्दाने जे केले, ते २०१५ साली ‘शाळाबाह्य’ शब्दाने केले. पहाटे चारपासून पुस्तकापुढे बसलेल्या मुलास शाळेबाहेरचा म्हणणे त्याच्या पालकांस अपमानास्पद वाटले. परंतु त्या शब्दामागील प्रश्न मात्र खोटा नव्हता. मदरसा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या हाती ना सनद असते, ना शाळेचा दाखला. पूर्ण केलेल्यास मशीद आहे, मकतब आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठासारख्या संस्था काही सनदांच्या आधारे प्रवेश देतात, आणि १९९४ साली स्थापन झालेल्या मर्कझुल मआरिफ या संस्थेने मदरशांच्या पदवीधरांसाठी इंग्रजीचा दोन वर्षांचा पाठ्यक्रमही चालविला आहे. अर्ध्यावर सोडणाऱ्यास यांपैकी काहीच नाही. समन्वयाच्या सर्व चर्चेत हाच विद्यार्थी दृष्टीआड राहिला आहे.

मदरशांच्या बाजूचा संकोचही समजून घेतला पाहिजे. जून २०२३ मध्ये देवबंदच्या शिक्षणविभागाने आपल्या विद्यार्थ्यांस शिक्षणकाळात बाहेरील इंग्रजी वर्गांस जाण्यास मनाई करणारी सूचना काढली. त्याच संस्थेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग २००२ पासून चालू आहे. विरोध इंग्रजीस नसून दोन अभ्यास एकाच वेळी करण्यास आहे, असे संस्थेने सांगितले. हे म्हणणे सर्वस्वी अमान्य करता येत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने शास्त्राध्ययन पक्के ठेवूनच नव्या विचारास दार उघडले, आणि तेथून निघालेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. एक विद्या खोल असेल तर तिच्यावरून दुसरीकडे पूल बांधता येतो. दोन्ही उथळ असतील तर पुलास पायाच मिळत नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, निवासी मदरसा ही अचल परंपरा नसून आगगाडी, टपाल व छापखाना यांच्या युगात घडलेली संस्था आहे. तिच्यात बदल करणे म्हणजे परंपरेस प्रथमच हात लावणे नव्हे. दुसरी ही की, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या समन्वयाची कसोटी इंग्रजी वा संगणक यांच्यापेक्षा मराठीच्या लेखणीवर आहे, कारण मदरशातून परतणाऱ्या तरुणाचे जीवन ज्या कचेऱ्या, दवाखाने, बाजार व शेजार यांत जावयाचे, त्यांची भाषा मराठी आहे. तिसरी ही की, हा समन्वय आजवर संस्थांनी जेवढा केला त्याहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कष्टाने केला आहे. दोन पंचांगे, तीन लिपी आणि दुहेरी अभ्यास यांचे ओझे त्याने एकट्याने वाहिले आहे.

संस्था आणि शासन यांनी परीक्षांचे वेळापत्रक, मराठीचा शिक्षक व अर्ध्यावर थांबलेल्या मुलासाठी परतीचा मार्ग, एवढ्या तीन गोष्टींचा विचार केला, तरी हे ओझे बरेच हलके होईल. जिल्ह्यातील मशिदींची दप्तरे, जुन्या उर्दू शाळांचे हजेरीपट आणि मदरशांचे छापील वार्षिक अहवाल हे साधन अद्याप मोठ्या प्रमाणावर अभ्यासकांच्या हाती आलेले नाही. उर्दू व मराठी दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकांनी ते काम हाती घ्यावे, आणि त्यांत मदरशातून शिकून आलेले तरुण असावेत, हे सर्वथा उचित होय. ज्यांच्याविषयी दीडशे वर्षे इतरांनीच लिहिले, त्यांनी आपला इतिहास मराठीत लिहावा, यात या समन्वयाची खरी पूर्तता आहे.